बांधून पूर्ण

बाजारात दिवसभर बसणाऱ्या बाईला लघवीला जायचं झालं, तर तिनं कुठं जायचं? हा प्रश्न आपण एकमेकांना कधी विचारत नाही. सोलापूरपासून तासाभरावर असलेल्या एका नगरपालिकेच्या गावात तो चेतनाला विचारला गेला, तेव्हा ती निवडणुकीला पहिल्यांदाच उभी होती. हात जोडत भाजीबाजारातून फिरत होती. कुणी तिच्याकडे दिवे मागितले, कुणी गटारीवर फरशी मागितली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या मल्लव्वानं मात्र तिला जवळ बोलावलं आणि पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली,

"ताई, बायकांसाठी एक मुतारी बांधून द्या की. सकाळी बसते ती अंधार पडल्यावर उठते. दिवसभर पाणीच पीत न्हाय मी. पिऊन जायचं कुटं?"

"देते मावशी. शब्द देते."

चेतना निवडून आली, आणि तिनं शब्द पाळायची धडपडही केली. वर्षभरात बाजाराच्या कोपऱ्यावर गुलाबी रंगाचं स्वच्छतागृह उभं राहिलं. फीत कापताना मल्लव्वाला तिनं मुद्दाम शेजारी उभं केलं. मल्लव्वा फोटोत हसली.

पण दुसऱ्याच दिवशी दाराला कुलूप लागलं. नळ जोडलेला नव्हता, मैला वाहून नेणारी वाहिनी टाकलेली नव्हती. चेतना कार्यालयात विचारायला गेली. "पुढच्या आठवड्यात होईल, मॅडम," असं उत्तर मिळालं. पुढच्याही खेपेला तेच. मग ती विचारायची थांबली. मल्लव्वाही थांबली. रस्त्यात दिसली की फक्त हसायची.

अशात नगरपालिकेची आढावा सभा आली. पाच वर्षांपूर्वी लोकांना बोलावून, त्यांचं ऐकून गावाची काही उद्दिष्टं ठरवली होती. त्यातलं किती साध्य झालं ते तपासायचं होतं. मुख्याधिकारी वाचू लागले, "बाजारात महिलांसाठी स्वच्छतागृह वापरात असणे." आणि अडखळले.

नगराध्यक्ष हृषीकेशराव सहज म्हणाले, "एक शब्द बदलू या ना. 'वापरात असणे' काढा, 'बांधून पूर्ण' लिहा. झालं साध्य! पाहणीसाठी वरून पथक येतंय. पुरस्कार मिळाला तर गावाचंच नाव होईल."

सभागृहात हसू पसरलं. एकट्या लीलाबाई उठल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, आता नगरसेविका. चेतना त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

"हृषीकेशराव, नापास मुलाला पास करायचं असेल तर त्याला शिकवावं लागतं. तुम्ही पास होण्याची अटच काढून टाकताय. कुलूपबंद दारापुढं उभ्या असलेल्या बाईला तुमच्या या शब्दाचा काय उपयोग?"

"बाई, ही शाळा नाही," मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसू.

ठराव मताला टाकला. चेतनाचा प्रभाग 'आदर्श' ठरणार होता आणि पक्षाची मंडळी तिच्याकडं बघत होती. तिनं हात वर केला. लीलाबाईंकडं बघायचं तिनं टाळलं. टाळ्या वाजल्या.

त्या उन्हाळ्यात मल्लव्वाला ताप येऊ लागला. ओटीपोटात कळा यायच्या. साखरेचा आजार आधीचाच. तरी ती बसत राहिली आणि एका दुपारी भाकरीच्या पाटीवरच कोसळली. तिच्या मुलानं, सिद्धूनं, तिला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. चेतना धावत पोचली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशा कितीतरी बाया येतात इथं. पाणी प्यायचं नाही, लघवी दाबून धरायची. वर्षानुवर्षं. आता जंतू रक्तात पसरलेत. उशीर झालाय."

मल्लव्वानं डोळे उघडले. चेतनाला बघून ओळखीचं हसली.

"ताई, हितं नळी लावलीया मला. कुटं जायला नको, का कुणाला विचारायला नको. लई बरं वाटतंय."

दोन दिवसांनी ती गेली.

अंत्यविधी उरकून चेतना थेट लीलाबाईंच्या घरी आली आणि उंबऱ्यातच बसली. "बाई, मी मारलं तिला! हा हात वर केला आणि मारलं!"

लीलाबाईंनी तिची समजूत घातली नाही.

"एकटीनं नाही. आपण सगळ्यांनी. मी तरी काय केलं? विरोध नोंदवला आणि घरी येऊन जेवले."

"आता काय करू मी?"

"जे खोटं लिहिलंय ते खोडायला उभी राहा. हरशील. तरीही उभी राहा."

पुढच्या सभेत चेतना उभी राहिली. तोवर पुरस्कार जाहीर झाला होता, टेबलांवर पेढे ठेवले होते. ती म्हणाली, "माझ्या प्रभागातलं उद्दिष्ट अपूर्ण आहे. 'वापरात' हा शब्द परत लिहा. आपण शब्द बदलला आणि एक बाई गेली!"

"ताई, भावना समजते," हृषीकेशराव म्हणाले, "पण ठराव झालेला आहे."

मतासाठी दोनच हात वर आले, तिचा आणि लीलाबाईंचा. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मग पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी चेतनानं भांडून ते कुलूप उघडायला लावलं. बाजारातल्या बाया आशेनं जमल्या. आत सिमेंटची रिकामी पोती, कोरडे नळ आणि राडारोड्यानं भरलेली शौचाची भांडी. बायांनी दारातूनच पाहिलं आणि आपापल्या जागेवर जाऊन बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर चेतनाला सोसलं असतं.

तिथं अजून पाणी आलेलं नाही. चेतना रोज कार्यालयात जाते आणि उत्तर मिळेपर्यंत बाकावर बसून राहते. पक्षानं तिला बैठकांना बोलावणं सोडलंय. उमेदवारी पुन्हा मिळणार नाही, हे तिला माहीत आहे.

नागरिकहो, काम न करणारा दोषी आहेच. पण न झालेल्या कामाला 'झालं' म्हणणारा त्याहून दोषी, आणि ते ऐकून टाळ्या वाजवणारे आपणही त्यातलेच! तुमच्या गावाचं एखादं उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं कुणी सांगितलं, तर ज्याच्यासाठी ते ठरवलं होतं त्या माणसाला आधी जाऊन विचारा. तो जिवंत आहे तोवर विचारा.