तिसरा चिरा

भाचीच्या जबड्याखालचं गळू मामाने स्वतःच्या दवाखान्यात तीन वेळा चिरलं होतं. दर वेळी जखम भरायची आणि तीन-चार महिन्यांत गळू पुन्हा डोकं वर काढायचं. ताई प्रत्येक खेपेला सांगायची, "अरे, हे फुगलं की हिचा कानही वाहतो." मामाचं उत्तर ठरलेलं. "डॉक्टर तू की मी? आधी पोरीचे कान स्वच्छ ठेव."

आज कानाच्या डॉक्टरीणबाई दुर्बिणीतून भाचीच्या कानात पाहत होत्या. त्यांनी जबड्याखालची गाठ बोटाने दाबली. शेजारच्या पडद्यावर, कानाच्या नळीत, पुवाचा एक थेंब वर आला.

मामाचा चेहरा पडला. तीन वेळा चिरताना तो या कानात एकदाही डोकावला नव्हता.

"कानापासून मानेपर्यंत ही जन्मजात वाट राहून गेलीय," बाई म्हणाल्या. "फार क्वचित दिसते. मुळासकट काढावी लागेल. पण चेहऱ्याची नस तिला बिलगून जाते. ती दुखावली तर तोंड वाकडं होईल. आधी कोणी चिरलंय?"

"होते एक डॉक्टर," ताई चटकन म्हणाली आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

मामाने ताईकडे पाहिलं. खपून गेलं असतं.

"किती खोल चिरलं ते कळलं असतं, तर मला नस शोधायला बरं पडलं असतं," बाई म्हणाल्या.

"मीच चिरलंय," मामा म्हणाला. "तिसरा चिरा कानाच्या दिशेने खोल गेलाय. आत चिमटाही फिरवला होता."

बाईंनी कागद पुढे सरकवला. "काढून दाखवा."

"म्हणजे आईचं बरोबर होतं?" भाचीने विचारलं.

"तू गप गं," ताई म्हणाली.

"बरोबर होतं," मामा कागदावरून मान वर न करता म्हणाला.

शस्त्रक्रिया चार तास चालली. नस तिसऱ्या चिऱ्याच्या व्रणातच अडकलेली निघाली. बाईंनी ती अखंड सोडवली, वाटही पुरती काढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला दात दाखवायला सांगितलं. खालचा ओठ एका बाजूने उतरला, दुसरी बाजू जागच्या जागी राहिली. "नस ताणली गेलीय," त्या म्हणाल्या. "काही महिन्यांत सुधारेल असं वाटतं. खात्री देत नाही."

त्या गेल्यावर भाचीने विचारलं, "हसताना बरी दिसते का मी?"

"छान दिसतेस की," ताई म्हणाली.

"तुला नाही विचारलं. मामा, तू सांग."

मामाने तिच्याकडे पाहिलं. "एक बाजू मागे राहते," तो म्हणाला. "माझ्यामुळे."