मिस ओझेलांच्या पेटीचं लाकूड

स्वतःच्या शवपेटीसाठी लाकूड निवडायला माणूस स्वतः वखारीत येतो, हे आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातही रोज घडत नाही. मिस ओझेला आल्या, आणि त्याही केस सेट करून, ओठांना लाली लावून.

सोबत मुलगा होता, ड्वेन. (आमच्याकडे लेकुरवाळ्या म्हातारीलाही मानाने 'मिस'च म्हणतात.) सहा वर्षांनी ओहायोहून उगवला होता आणि रविवारी परत पळणार होता. तो आल्यापासून म्हातारी त्याला "राहा ना थोडे दिवस" म्हणत होती आणि तो घड्याळ बघत होता. हे मला माहीत, कारण आमच्या खोऱ्यात कुणाची शेंगांची भाजी करपली तरी संध्याकाळपर्यंत चर्चमध्ये कळतं. शेवटी तिने डाव टाकला. बाकी काही नको, जाण्याआधी माझी पेटी तेवढी तुझ्या हाताने करून दे. सुतारकामात ड्वेनचा हात बसलेला, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना.

"एल्डन, चेरीची अव्वल प्रत काढ," तो मला म्हणाला. "सात डॉलर फूट असली तरी चालेल. लांब, रुंद, एकही गाठ नको. आज कापली, शनिवारी जोडली, रविवारी मी मोकळा."

"मढं माझं आणि घाई तुला!" मिस ओझेला म्हणाल्या.

मी एकेक फळी उलटून दाखवू लागलो. आमच्या धंद्यात अव्वल फळी पारखायची ती तिच्या वाईट बाजूने. माणसांना हा नियम लागू नाही म्हणून माझं लग्न झालं. सॉमिलमध्ये तीस वर्षं मिस ओझेला वही घेऊन माझ्या शेजारी उभ्या असायच्या. मी प्रत सांगायची, त्यांनी लिहायची. मी चुकलो की त्यांची पेन्सिल नुसती थांबायची, आणि मला घाम फुटायचा.

आता त्यांनी अव्वल फळ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. काठी टेकत सरळ पलीकडच्या, अव्वलच्या खालच्या प्रतीच्या ढिगापाशी गेल्या.

"ही केवढ्याला?"

"एक नंबर कॉमन, चार डॉलर. पण मिस ओझेला, गाठी आहेत यात."

"दिसतायत. मोतीबिंदू झालाय मला, मेले नाही अजून."

"आई, लोक काय म्हणतील?" ड्वेन वैतागला. "पैशांचा प्रश्न नाहीये."

"नाहीच आहे. एल्डन, फरक काय ते सांग त्याला."

मी सांगितलं. झाड तेच, लाकूड तेच. अव्वल फळीत स्वच्छ भाग सलग मिळतो, कॉमनमध्ये तुकड्यातुकड्यांनी. गाठी टाळून कापायचं, रंग जुळवायचा, चिकटवायचं, रंधा मारायचा. पैसे वाचतात आणि कंबर मोडते.

"किती दिवस लागतील?" ड्वेनने विचारलं.

"एकट्याला? दोन आठवडे तरी."

म्हातारी छताकडे बघू लागली. आमच्या छतात पत्रा आणि कोळिष्टकं याखेरीज काही नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि स्वतःचीच लाज वाटली. जन्मभर लाकूड ओळखलं, पण शेजारी उभ्या असलेल्या बाईचं मन काही ओळखता आलं नाही.

ड्वेनचे कान लाल झाले. तो आईकडे बघत राहिला, मग फोन काढून बाहेर गेला. मला वाटलं, संपलं, आता ओहायोतल्या साहेबाचं नाव पुढे करणार. मिस ओझेला काठीने भुसा उकरत बसल्या.

तो आत आला.

"एल्डन, याच्याही खालची प्रत आहे?"

"दोन नंबर. अडीच डॉलर. पण वेड्या, निम्मं लाकूड फेकावं लागेल! तुकडे जोडता जोडता हरणांच्या शिकारीचा मोसम येईल."

"तीच दे," तो म्हणाला आणि बाह्या सारून गाडीत फळ्या चढवू लागला.

मिस ओझेलांनी रुमालाने डोळे पुसले, लालीही पुसली गेली. मग मुलाच्या पाठीत हळूच काठी टोचली.

"सावकाश कर रे," त्या म्हणाल्या. "मला कुठे जायचंय एवढ्यात!"