ठिगळाची जागा

टेबलाच्या एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा.

डोळ्यांत घालायच्या थेंबांची अर्धी बाटली. घातल्यावर अर्धा तास सगळं धूसर दिसतं.

झोपून उठली की सांगितलेलं विसरणारी चिप.

एका विमा कचेरीतले तीनशे काळे पडदे.

या चारही गोष्टी काकांच्या. नात्याने ते कुणाचेच काका नव्हते; ऑफिसात सगळ्यात जुने, एवढंच.

आमचं काम चिपकडून संगणकाच्या पडद्यावर चित्र काढून घेण्याचं. चिपमध्ये खोट निघाली तर विकलेली चिप परत बोलावता येत नाही. मग आमच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एखादी ओळ घालून ती खोट झाकायची. त्या ओळीला काका ठिगळ म्हणत.

"ठिगळ काय, कुणीही लावेल. कुठं लावायचं, ते विचार."

काही ठिगळं मशीन सुरू होताना एकदा लावली की पुरतात. काही मात्र, मशीन रिकामं राहून चिप झोपली आणि उठली की, दर वेळी नव्याने लावावी लागतात. अशा दोन याद्या. कुठलं ठिगळ कुठल्या यादीत आणि का, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"काका, लिहून ठेवा की."

"तुला सांगितलंय ना? मग लिहिल्यासारखंच."

सांगितलं होतं. तरी फाइल आवरताना मला दर वेळच्या यादीत एक ओळ एकटीच पडलेली दिसली. तिच्यासारख्या बाकी सगळ्या पहिल्या यादीत. मी तिला उचलून बहिणींमध्ये नेऊन बसवली. मशीन सुरू करून पाहिलं, चित्र झकास. झोपवून उठवायचं राहिलं. काकांकडे मंजुरीला पाठवलं. पाच मिनिटांत मंजूर.

दोन महिन्यांनी, नवा ड्रायव्हर पोचलेल्या विमा कचेरीतली माणसं जेवून परत आली आणि एकही पडदा उठेना.

साहेबांनी फाइलच्या माथ्यावरचं नाव वाचलं. "फाइल तुमची, ठिगळ तुमचं. वय झालं, काका."

कुठली ओळ कुणी हलवली, हे एक कळ दाबली की दिसतं. साहेबांनी ती दाबली नाही. काकांनीही नाही. मीही नाही; समोरच बसले होते.

काकांना चाचणीच्या खोलीत बसवलं. तीन महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. त्यांचं टेबल खिडकीकडे सरकवून मला दिलं. पुठ्ठा जुन्याच जागी राहिला.

याला चार वर्षं झाली. परवा साहेब म्हणाले, "ठिगळं कुठं लावायची, ते एकदाचं लिहून काढ. उदाहरण काकांचं दे, सगळ्यांना पाठ आहे."

मी फोन लावला.

"कोण, टापटीप बाई?" ते मला असंच म्हणायचे.

"काका, ती ओळ मी हलवली होती."

"हं."

"माहीत होतं तुम्हाला?"

"पडदे गेले त्याच दिवशी बघितलं. मंजुरी कुणाची होती त्यावर?"

"तुमची. पण–"

"मग? न वाचता मंजूर करणाऱ्याने कुठल्या तोंडाने बोलायचं?"

"तुम्ही न वाचता कधी करत नव्हता."

"तुझं होतं म्हणून केलं." मग त्यांनी विचारलं, "टेबल डुगडुगतं का गं?"

"डुगडुगतं."

"पुठ्ठा नेला नसणार कुणी."

मी लिहिलं: चिप जे विसरते, ते दर वेळच्या यादीत. ओळीशेजारी कारण लिहावे. झोपवून उठवल्याशिवाय चाचणी झाली असे म्हणू नये. खाली उदाहरण, त्यात माझं नाव.

साहेबांनी ते नाव खोडलं. "अशा कागदात माणसांची नावं नकोत," म्हणाले.

तेव्हा ती ओळ मंजुरीला पाठवायच्या दहा मिनिटं आधी काकांच्या दोन्ही डोळ्यांत थेंब मीच घातले होते.