घाम न येणारी पाठ

काचेच्या कारखान्यात भट्टीचं दार निखळलं आणि तिथे काम करणाऱ्या गोट्याची सगळी पाठ भाजली. त्याला ज्या इस्पितळात नेलं, तिथेच त्याची थोरली बहीण कामाला होती. प्रयोगशाळेत ती रुग्णांसाठी कातडी वाढवायची. परक्यांचं काम ती सफाईने उरकायची. पण भावाच्या मांडीवरून काढलेला टपाल तिकिटाएवढा तुकडा बशीत पडला, तेव्हा चिमटा खाली ठेवून तिला नुसतं उभं राहावं लागलं.

"नक्की करणार तरी काय तू?" आईने विचारलं.

"यातल्या पेशी सुट्या करून त्यांना खाऊपिऊ घालायचं. एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. मग एकमेकींना घट्ट धरून त्यांचा पापुद्रा होतो. तो पाठीवर बसवायचा."

"दुधावरच्या सायीसारखा?"

"तितकाच नाजूक."

पहिल्या खेपेला बुरशी लागली. बशांमधलं पाणी गढूळ दिसताच ताईने सगळं फेकून दिलं. त्या रात्री आई अर्ध्या जेवणावरून उठली. दुसऱ्या खेपेला ताई कुणाला बशांच्या आसपास फिरकू देईना. हा पापुद्रा मात्र पाठीने धरला. डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या, तर खाली गुलाबी, चकचकीत कातडी.

"मग, भट्टीवर कधी जाऊ?" गोट्याने हसत विचारलं.

सुटलेल्या पट्ट्या गोळा करत ताई म्हणाली, "नाही जायचं. अरे, कातडी एकाच जातीच्या पेशींची नसते. घामाच्या वेगळ्या, तेलाच्या वेगळ्या. मला फक्त वरचं झाकण वाढवता येतं. पाठीला घामच येणार नाही, तर अंगातली आग बाहेर पडणार कुठून?"

"हे आधी का नाही बोललीस?"

"आधी तू जगायला हवा होतास."

त्याने तोंड फिरवलं.

तरी तो गेलाच. भट्टीसमोर काच फुगवायची फुंकणी हातात घेतली, तोंड लालबुंद झालं आणि तो कोसळला. सोबत्यांनी उचलून घरी आणलं. पुढे मालकाने त्याला काचा खोक्यात भरायला बसवलं. "सावलीतले साहेब आले!" सोबती म्हणायचे. तोही हसायचा. घरी मात्र ताईशी बोलणं बंद.

नव्या कातडीला तेल सुटत नव्हतं, ती कोरडी पडून तडकायची. आई मलम लावायची. एकदा आई तापाने झोपून होती. गोट्या बराच वेळ दारात घुटमळला, मग शर्ट काढून ताईपुढे पाठ करून बसला.

ताईने मलम घेतलं. हलक्या हाताने खांद्यापासून कमरेपर्यंत लावत गेली.

"लाव की," तो म्हणाला. "का थांबलीस?"

ती थांबली नव्हती. तिचा हात त्याच्या पाठीवरून फिरतच होता.