खिडकीतली खुर्ची

दगडखाणीत काम करून छातीत धूळ साठलेल्यांच्या क्लबची शाखा दुसऱ्या मजल्यावर होती. तळमजल्यावर कोणी जागा देईना. यांच्या खोकल्याने गिऱ्हाईक पळतं म्हणे. नव्या सभासदाचं स्वागत एकाच प्रश्नाने होई : जिन्यात किती वेळा थांबलात? जो जास्त थांबला, तो खिडकीच्या जास्त जवळ बसे. अगदी खिडकीतली खुर्ची अध्यक्षांची होती. ते चारदा थांबत.

त्या रविवारी दोघे नवे आले. पहिला, सुरुंग लावणारा, म्हणाला, "दोनदा."

"अजून जवान आहेस की! बस दाराशी," अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले आणि मग बराच वेळ खोकले.

दुसरा चौकट धरून दारातच उभा होता. तो अध्यक्षांचा मुलगा होता. खाणीत कधी पाय ठेवणार नाही, असं त्याने आठ वर्षांपूर्वी त्यांना वचन दिलं होतं.

"तू तर गोदामात होतास ना रे?"

"घरी तसं सांगत होतो, बाबा."

अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, "किती वेळा थांबलास?"

"पाच."

दोन्ही हातांनी जोर देत अध्यक्ष खुर्चीतून उठले आणि बाजूला झाले.

"ये, इथे बस."