कुलूप काढलेला फोन

गुरुवारी मुरबाडहून सिद्धगडाकडे जाणाऱ्या जीपांत पाय ठेवायला जागा नसायची. सगळ्यांना उतरायचं असे मनकवडेबाबांच्या मांडवात. कोणाची सून माहेरी काय बोलली, कोणाच्या पोराला कुठली मुलगी आवडते, बाबा डोळे मिटून सगळं सांगत. अट एकच. दारात शिष्य सूप घेऊन उभा असे, त्यात फोन ठेवायचा, तोही लॉक काढून.

"कुलूपबंद घरात देव शिरतो काय रे?" बाबा विचारत. लोक माना डोलावत आणि लॉक कायमचंच काढून टाकत.

योगिनी गावात आली ती गोजाआत्यासाठी. आत्याने सहा दिवस इन्सुलिन घेतलं नाही आणि पायाची जखम काळी पडतेय, असं शेजारच्या मितालीने कळवलं होतं. योगिनी सायबर हल्ल्यांचा तपास करायची. कंपनीत चोर कुठून शिरला आणि कुठवर गेला, ते शोधायची. दिवसाला हजारभर धोक्याच्या सूचना बघून तिचं मन बधिर झालं होतं. आत्याचा पाय पाहूनही तिला काही वाटलं नाही. सवयीने तिने आधी वहीत वेळ लिहिली.

"सुई का सोडलीस, आत्ये?"

"बाबांनी सांगितला. म्हणाले, गोजे, सुई टोचताना तुझा हात कापतो ना? सोड ती, अंगारा लाव. आता ह्या त्यांना कसा कळला? मी कोणालाच बोलली नाय."

"कोणालाच?"

"तुला बोलली. पन तू कुठं काय बोललीस?"

योगिनीने आपला फोन उघडला. आत्याच्या नावापुढे चार न ऐकलेले निरोप होते, तीन आठवड्यांपासूनचे. पहिला ऐकला. 'योगे, सुई टोचताना हात कापतो गो. तू कवा येशील?'

तिने तीही वेळ टिपली. मग आत्याचा फोन घेतला. फोनवरचे निरोप कॉम्प्युटरवरही दिसावेत, अशी सोय निरोपांच्या अ‍ॅपात असते. कॉम्प्युटरवरचा कोड फोनने एकदा स्कॅन केला की पुरे. आत्याच्या फोनला एक कॉम्प्युटर जोडलेला होता. आत्याने जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता.

"फोन तुझ्या हातातून कधी सुटला होता?"

"सुपात ठेवला, तेवढाच."

योगिनीने जोडणी तोडली नाही. "आत्ये, बाबा खोटे ठरले तर सुई घेशील?"

"ठरव तर खरी!"

गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता. योगिनीने आत्याला एक निरोप पाठवून ठेवला: 'तांबड्या गाईचं शिंग मोडलंय, कोणाला सांगू नकोस.'

मांडवात बाबांनी डोळे मिटले. "गोजे! तुझ्या मनात गाय आहे. तांबडी! शिंग मोडलंय तिचं, लपवतेस?"

मागून गावातलाच धर्मा म्हणाला, "गोजाकडं गाय कवाची? दोन शेरडा हायेत, ती पन रामाच्या गोठ्यात!"

हसण्याची लाट उठली. "मागच्या जन्माची गाय," बाबांनी सावरून घेतलं.

"काल संध्याकाळची," योगिनी उठून म्हणाली. "मीच टाइप केली."

तिने सुपातले फोन ज्याचे त्याला दिले आणि कुठे बघायचं ते दाखवलं. तानीच्या फोनला, अनिलच्या फोनला, सगळ्यांच्याच फोनला कॉम्प्युटर जोडलेला निघाला. धर्माने बाबांच्या पाठीमागचा पडदा ओढला. मागे दुसरा शिष्य लॅपटॉप मांडीवर घेऊन निरोप वाचत बसला होता, आणि बाबांच्या फेट्याखाली, कानात, त्याचं बोलणं ऐकायचं बारीकसं यंत्र होतं. कोणी बाबांच्या अंगावर गेलं नाही. घरातलं सारं बोलणं परक्याने ऐकलं, या विचाराने जो तो आपला फोन मुठीत आवळून बाहेर पडू लागला. योगिनीने पोलिसांना फोन लावला तेव्हाही तिचा आवाज कोरडाच होता.

मुरबाडला डॉक्टरांना पाय दाखवून आल्यावर घरी तिने सिरिंज भरली. आत्याने मुकाट्याने दंड पुढे केला.

"चोर का होईना," आत्या हळूच म्हणाली, "पन त्याने ऐकला तरी. तू तर ऐकलाच नाय."

आता योगिनीचाच हात कापू लागला. कित्येक महिन्यांनी तिच्या मनाला काहीतरी लागलं होतं. तिने सुई खाली ठेवली, डोळे पुसले, पुन्हा उचलली. उरलेले तीन निरोप तिने त्याच संध्याकाळी आत्याजवळ बसून ऐकले.

मनातलं कोणालाही ओळखता येत नाही. कोणीतरी ते आधी चोरून ऐकलेलं असतं, एवढंच. तेव्हा फोनला कुलूप लावा, डॉक्टरांचं औषध बाबाच्या शब्दावर सोडू नका, आणि आपल्या माणसाचा निरोप चोराच्या आधी आपण ऐका.