गिरजाबाईंचा तलावावरचा फोटो

वडशाजवळच्या एका तलावाचा मासेमारीचा ठेका मिळवायला गिरजाबाईंना चार वर्षं लागली. अकरा बायका जमवल्या, कचेऱ्यांच्या चकरा मारल्या, जुन्या ठेकेदाराच्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी मच्छीमार संघाचे अध्यक्ष स्वतः ठेक्याचा कागद द्यायला तलावाच्या पाळीवर, बांधावर आले. फोटो काढायला स्टुडिओवाल्या नाजियाला बोलावलं होतं.

मे महिन्यातली दुपार. अध्यक्षांचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट डोळ्यांत खुपत होता, शेजारी गिरजाबाईंचा उन्हानं रापलेला काळाभोर चेहरा. नाजियानं पाहताक्षणी ओळखलं, उजेड मोजायचं मीटर शर्टावर धरलं तर चेहरा अंधारात बुडणार, चेहऱ्यावर धरलं तर शर्ट नुसता पांढरा फटक होणार.

"साहेब, त्या मोहाच्या झाडाखाली या ना. सावलीत दोघंही बराबर येतात."

"तलाव दिसला पायजे," अध्यक्षांचा माणूस म्हणाला. "लवकर करा."

तिनं जवळ जाऊन गिरजाबाईंच्या गालावर मीटर धरलं आणि तीन फोटो काढले. डोळ्यांतलं पाणी, ओठांवरचं न मावणारं हसू, सगळं आलं. मग एक शर्टावर मीटर धरून काढला.

त्या माणसानं कॅमेरा हातात घेतला. "साहेबाच्या शर्टाची घडीही दिसून नाई राह्यली! हे तीन मिटवा."

"पण बाईंचा चेहरा..."

"कार्यक्रम कोणाचा हाय?"

नाजियानं तिथंच, त्याच्या डोळ्यांदेखत, तिन्ही मिटवले. घरी कम्प्युटरवर उरलेला फोटो उजळून पाहिला, तर चेहऱ्याच्या जागी नुसती करड्या ठिपक्यांची रेती उमटली.

आठवड्यानं बसस्थानकाजवळ त्या फोटोचं मोठं फ्लेक्स लागलं. त्याच दिवशी गिरजाबाई स्टुडिओत आल्या.

"बाई, मी तं त्याच्यात दिसूनच नाई राह्यली."

"ऊन लय होतं, गिरजाबाई."

"हो, अन् मी हावोच काळी. तू तरी का करशीन?"

नाजियाला खरं सांगता आलं नाही. "बसा ना, आता मस्त काढते," ती घाईघाईनं म्हणाली.

"आता कायचा? कागद तं त्या दिवशी भेटला," म्हणत गिरजाबाईंनी मासोळ्यांची टोपली उचलली आणि बाजाराकडे निघून गेल्या.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका कार्यक्रमाच्या फोटोंसाठी अध्यक्षांच्या माणसाचा पुन्हा फोन आला. नाजियानं तारीख लिहून घेतली.